पिसाळांचं पान

"कॉम्प्युटरवाली पोरगी ती तूच का गं?"

दारातून प्रश्न आला तेव्हा माझ्या हातात पोह्यांची बशी होती. बाहेर सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर, काखेत वायरची पिशवी आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेला बटणांचा मोबाइल. रात्रभराच्या एसटीची धूळ अजून चेहऱ्यावर तशीच होती, पण चेहरा असा उजळलेला की लग्नघरातून उठून आल्यात असं वाटावं.

"हो, मीच. केतकी. कुठून आलात?"

"शिरसवाडी. तालुका खटाव, जिल्हा सातारा. पिसाळाची चंद्राबाई मी." असं म्हणत त्या आत आल्या, पिशवी खाली ठेवली आणि माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "तुझ्या मशिनीनं माझा ल्योक घावला बग. पंचवीस वर्सांनी."

मी बशी खाली ठेवली. घास तोंडात तसाच राहिला होता.

या गोष्टीला आता अकरा वर्षं होतील. पंचवटीत रामकुंडापासून चार मिनिटांवर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. माझे वडील, अण्णा, तीर्थोपाध्याय. लोक अस्थी घेऊन, श्राद्धाला, सिंहस्थाला नाशिकला येतात, तेव्हा त्यांचे धार्मिक विधी करायचे आणि त्यांच्या घराण्याची नोंद नामावळीत ठेवायची, हे आमच्या घरात नऊ पिढ्या चाललेलं काम. नामावळी म्हणजे लांबट, जाड वह्या, लाल बासनात बांधलेल्या. गावागावाप्रमाणे पानं. आलेला माणूस आपल्या हातानं आपलं, बापाचं, भावांचं, मुलांचं नाव लिहून जातो. चाळीस वर्षांनी त्याचा नातू येतो आणि आजोबांचं अक्षर बघून घाटावरच रडायला लागतो. असं रडणं मी लहानपणी इतकं पाहिलंय की शाळेत कुणी रडलं की मला वाटायचं, याला आता पेढा द्यायला हवा. कारण अण्णा तेच करायचे.

पण पेढ्याआधी परीक्षा असे. कुणी येऊन "आमचं पान काढा" म्हटलं, की अण्णा वही मांडीवर घ्यायचे आणि उघडायचे नाहीत. गाव कोणतं? कूळ कोणतं? आजोबांचं नाव? इतकं बरोबर आलं की पान उघडून छातीशी धरायचे आणि शेवटचा प्रश्न टाकायचे, "त्यांना घरात काय म्हणायचे?" अडखळला की वही बंद. एकदा एक गाडीवाले साहेब याच प्रश्नावर लालबुंद होऊन निघून गेले, तेव्हा मी अण्णांना म्हटलं होतं, "तुम्ही तर तिजोरीवर बसलेल्या नागासारखं करता. नावंच तर आहेत." अण्णा म्हणाले, "नावंच आहेत, म्हणूनच." मला त्यात काही अर्थ आहे असं वाटलं नाही. तेवीस वर्षांची होते, कॉम्प्युटरची पदवी नुकतीच हातात पडली होती आणि त्या वयात वडिलांच्या बोलण्यात अर्थ असतो यावर कुणाचाच विश्वास नसतो.

एका पावसाळ्यात गोदावरीचं पाणी आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं आणि खालच्या कपाटातल्या दोन वह्या भिजल्या. आम्ही आठ दिवस इस्त्रीनं पानं वाळवत होतो. त्यानंतर मी ठरवलं, सगळ्या वह्यांचे फोटो काढायचे. अण्णांना कल्पना आवडली. "बुडालं तर निदान एवढं तरी राहील," म्हणाले, आणि आठ महिने रोज दुपारी ते पान उलटत होते आणि मी फोटो काढत होते. त्या दुपारी मला अजून आठवतात. खिडकीतून येणारा उजेड, जुन्या कागदाचा कडसर वास, आईनं दोघांत ठेवलेला एकच चहा, आणि पान उलटता उलटता अण्णांनी सांगितलेल्या त्या त्या घराण्याच्या कथा. तसं सलग अण्णांजवळ मी आयुष्यात पुन्हा कधी बसले नाही.

इथपर्यंत मी शहाणी होते. पुढे मी वेबसाइट काढली. प्रत्येक पानावरचा शब्द न् शब्द टाइप केला, म्हणजे कुणीही काहीही शोधावं आणि पान समोर यावं. नव्या नोंदींत लोक मोबाइल नंबर लिहीत, तेही टाइप केले. अण्णांना दाखवलं तर त्यांनी चष्मा पुसला.

"कुणालाही दिसेल हे?"

"कुणालाही! अमेरिकेतूनसुद्धा."

"आणि विचारणार कोण?"

"काय विचारणार?"

"गाव, आजोबा, घरातलं नाव."

"अण्णा, तेच तर! विचारायला माणूसच लागत नाही."

हे मी कौतुकानं सांगितलं होतं. अण्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मला नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. पुढच्याच आठवड्यात गावातल्या एका छोट्या वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला आणि मी हरभऱ्याच्या झाडाच्या अगदी शेंड्यावर जाऊन बसले.

तर अशा मुलीच्या दारात चंद्राबाई आल्या होत्या, लेक सापडल्याची बातमी घेऊन.

चहा झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. थोरला मुलगा हणमंत. घरात बंडू. एकोणीस वर्षांचा असताना बापाशी भांडून घरातून गेला तो गेलाच. बापानं कोल्हापूर पाहिलं, मुंबई पाहिली, मिरजेच्या स्टेशनावर आठवडाभर झोपला. पोरगा मिळाला नाही. तीन वर्षांपूर्वी बाप गेला, तेव्हा अस्थी घेऊन पुतण्या नाशिकला आला होता आणि त्यानं वहीत लिहिलं होतं, "ज्येष्ठ चि. हणमंत ऊर्फ बंडू, १९८९ पासून बेपत्ता." खाली चुलतीचा फोन नंबर.

"धा-बारा दिसामागं फोन वाजला. म्हनतोय, आई, मी बंडू. मी म्हन्लं, कोन बंडू रं मुडद्या, कशाला चेष्टा करतुयास? तर रडायलाच लागला. म्हनला, डोस्क्याला मार लागल्ता, समदं इसारलो हुतो. मंग येका हापिसात कॉम्प्युटरवर नाशिकच्या गुरुजींची वही दिसली. शिरसवाडी, पिसाळ, हणमंत ऊर्फ बंडू. आनी आठिवलं म्हनं."

आठ महिने मान मोडून केलेलं काम, आणि त्यातून एका आईला मुलगा मिळाला! मी स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. खरं सांगते, त्या दहा मिनिटांत मी स्वतःवर जितकी खूश होते तितकी पुन्हा कधीच झाले नाही.

"मग भेटलात का त्याला?"

"भेटंल की. लांब हाय, गुजरातेत. रोज चारच्या ठोक्याला फोन करतो. आई, जेवलीस का, गुडघं दुखत्यात का, समदं इचारतो." त्यांनी पोलक्यातून एक घडी घातलेला रुमाल काढला. आत बँकेचं कार्ड होतं. "माजं नाव त्याच्या तिकडल्या रेशनकार्डावर लावायचं म्हनं. त्याला ह्याच्यावरलं आकडं पायजेत. आनी मंग फोनवर आकडं येत्यात, ती बी सांगायची. मला कुटं वाचाय येतंय? शेजारच्या पोराला सांगू नको म्हनला. मी म्हन्लं, नाशकाला जाऊन येती, मंग आज चारला सांगती. तू वाचशील का गं?"

आता लिहिताना हात थांबतो, पण लपवण्यात अर्थ नाही. मी "हो" म्हणाले. रेशनकार्डासाठी बँकेच्या कार्डाचे आकडे कशाला, हे मनात आलं होतं. फोनवर आलेले आकडे कुणालाही सांगू नयेत, हे मला पाठ होतं. शेजारपाजारच्यांना मीच बजावत असे. पण मुलगाच तर होता तो. माझ्या वेबसाइटनं शोधून दिलेला मुलगा. तो खोटा ठरला तर माझंही बरंच काही खोटं ठरणार होतं, म्हणून मी त्या विचाराला आत येऊच दिलं नाही. म्हटलं, "चारला मीच बोलते त्याच्याशी. काळजी करू नका."

बारा वाजता अण्णा घाटावरून आले. ओलं धोतर दांडीवर टाकेपर्यंत मी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. ते आनंदले, पण मला अपेक्षित होतं तितके नाही. चंद्राबाईंना नमस्कार करून म्हणाले, "फार चांगलं झालं, ताई. आता लेकाला घेऊन या. त्याच्या हातानं नाव लिहू."

"लिवू की. पर गुरुजी, मी पेढं द्याय न्हाई आले." बाईंचा आवाज एकदम उतरला. "आमचं पान काढा. माज्या म्होरं वाचा. एक बी नाव सोडू नका."

अण्णांनी वही मांडीवर घेतली आणि माझं हसू दाबलेलं तोंड बघूनही नेहमीचे प्रश्न विचारले. गाव, कूळ, सासऱ्यांचं नाव. बाई धडाधड सांगत गेल्या. मालकांना घरात काय म्हणायचे?

"दादू."

अण्णांनी पान उघडलं. एकोणऐंशी सालची नोंद होती, माझे आजोबा गादीवर असतानाची. दादू पिसाळ बापाच्या अस्थी घेऊन आले होते, बायको आणि मुलांसकट. अण्णा बोट ठेवून वाचू लागले. "मौजे शिरसवाडी. कैलासवासी बाबूराव यांच्या अस्थी घेऊन आलो. मी दादासाहेब, बंधू गणपत, पत्नी चंद्रभागा. कन्या शालन. चिरंजीव हणमंत ऊर्फ बंडू. हे बघा, हे त्यानं स्वतः लिहिलेलं दिसतंय."

मोठ्यांच्या अक्षरांत एक वाकडंतिकडं, शाईनं माखलेलं 'हणमंत' होतं. चंद्राबाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"नऊ वर्सांचा हुता. टाक दिल्याबिगर उठंना. तुमच्या वडलांनी त्येचा हात धरला," त्या म्हणाल्या. मग बोट उचललं. "आनी?"

"एवढंच. खाली पुतण्यानं तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

"गुरुजी, पोटात ठिवू नका. मी लई लांबनं आलीया. ह्यात माधव कोन हाय?"

अण्णांचा हात वहीवरच राहिला. मी वाकून पाहिलं. हणमंतच्या खाली, त्याच शाईत, खरंच लिहिलेलं होतं, 'चि. माधव.' मीच तर ते टाइप केलं होतं. मला वाटलं, अण्णांचं चुकून वाचायचं राहिलं.

"हो, आहे की," मी म्हणाले. "तुमचा धाकटा मुलगा ना?"

"मला धाकटा ल्योक न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. "एक शालन आनी एक बंडू. माज्या कुशीला तिसरं आलंच न्हाई."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. चंद्राबाईच पुढे बोलू लागल्या, खाली बघत.

"पैल्याच दिशी फोनवर इचारलं त्यानं. आई, माधव कसा हाय? मला कळंना. म्हन्लं, तार तुटली आसंल. दुसऱ्या दिशी पुन्ना तेच. आपला माधव काय करतो? मंग मी इचार केला. बंडू खोटं कशाला बोलंल? त्यानं वहीत बगितलंया. वहीत मालकांनी लिवलंया. म्हंजी मालकांनी मला न सांगता..." त्या थांबल्या. पदर तोंडाशी नेला. "मालक वर्सातनं दोनदा पुन्याला जायचं, बैलांच्या औशदाला म्हनून. गुरुजी, पन्नास वर्सं संसार केला मी त्या मानसाबरूबर. धा दिस झालं, त्येंचा फोटू भितीकडं तोंड करून ठिवलाय. आता खरं काय ते सांगा. माधव कोनाचा?"

माझे वडील साठीचे होते. नऊ पिढ्यांचा मान घेऊन घाटावर ताठ चालणारे. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा एका यजमानापुढे मान खाली घालताना पाहिलं.

"कुणाचाच नाही, ताई," ते म्हणाले. "माधव नावाचा माणूसच नाही. ते नाव माझ्या वडिलांनी लिहिलंय."

मग त्यांनी सांगितलं ते मी नऊ पिढ्यांच्या घरात जन्मूनही कधी ऐकलं नव्हतं. पूर्वी उपाध्यांमध्ये यजमानांवरून मारामाऱ्या होत. कुणीतरी दुसऱ्याच्या वहीची चोरून नक्कल करायचा आणि स्टेशनवर उभा राहून गाडीतून उतरणाऱ्याला त्याच्या सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचा. बिचारा यजमान त्याच्या मागे जायचा. आजोबांचा एकदा असा फार मोठा घात झाला, तेव्हापासून ते प्रत्येक पानावर एक नाव खोटं घालत. नसलेला मुलगा, नसलेला पुतण्या. चोरानं नक्कल केली की त्यात तेही नाव जायचं, आणि घरचा माणूस लगेच म्हणायचा, हा कोण बुवा? चोर जागच्या जागी सापडायचा.

"खोट्या नावाखाली बारीक टिंब असतं, ते दिसलं की वाचताना तेवढं नाव गाळायचं," अण्णा म्हणाले आणि नखानं दाखवलं. मला वाटलं होतं, शाईचा थेंब आहे. "वडिलांनी मरताना मला सांगितलं. मी घरात दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. वही आमच्या कपाटात होती, कुणाला सांगायची वेळच येणार नव्हती." आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्या लक्षात यायला तेवढा वेळ पुरला. घरचा मुलगा माधवची चौकशी करणार नाही. माधवची चौकशी फक्त तोच करेल, ज्याला हे घर केवळ या पानावरून माहीत आहे.

मी लॅपटॉप उघडला. वेबसाइटवर कोण काय शोधतं याची यादी आपोआप साठत होती. मी ती फक्त आकडा किती वाढला हे बघायला उघडायची. त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. बहुतेकांनी गावं शोधली होती, आडनावं शोधली होती. आणि एकानं, तीन आठवड्यांपूर्वी, एकाच दुपारी एकामागून एक शोधलं होतं, 'बेपत्ता'. मग 'परागंदा'. मग 'ठावठिकाणा नाही'. मी टाइप केलेल्या शब्दांनी त्याला सतरा पानं काढून दिली होती. सतरा घरं, जिथे कुणीतरी कुणाची तरी वाट बघत होतं. फोन नंबरासकट.

मी ते वाचून दाखवलं. वाचताना माझा आवाज फुटला आणि मी तिथेच, लॅपटॉपवर डोकं ठेवून, लहान मुलीसारखी रडले. त्या बाईंच्या कार्डावरचे आकडे मी स्वतःच्या तोंडानं त्या माणसाला वाचून दाखवणार होते. चार वाजायला अजून तीन तास होते, एवढंच काय ते आमचं नशीब.

चंद्राबाई रडल्या नाहीत. त्या वहीकडे बघत होत्या.

"म्हंजी मालक खरं," त्या म्हणाल्या.

"अगदी खरे, ताई."

"म्हातारा बिच्चारा!" त्या एकदम हसल्या. हसतच राहिल्या, आणि हसताहसता डोळ्यांतून पाणी आलं. "धा दिस भितीकडं तोंड करून बसलाय. घरी गेल्याव सरळ करती आनी पाया पडती." मग हसू थांबलं. "आनी त्यो फोनवरला..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

आईनं सगळ्यांना जेवायला वाढलं. चंद्राबाईंनी भाताचे चार घास खाल्ले आणि हात धुतला. अण्णांचं म्हणणं होतं, फोन आला की मी घेतो आणि त्याला असा फैलावर घेतो की तो जन्मात पुन्हा नाव काढणार नाही. मी म्हणत होते, नंबर लिहून घेऊ, गोड बोलून त्याचा पत्ता काढू, पोलिसांत देऊ. आमची बाचाबाची सुरू असताना चंद्राबाई भिंतीला टेकून, फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष होतं. बारा दिवस त्या रोज अशाच बसत असतील. वाट बघण्याची सवय लागायला माणसाला फार दिवस लागत नाहीत.

चारला फोन वाजला. अण्णांनी हात पुढे केला.

"मला बोलू द्या," चंद्राबाई म्हणाल्या. "फोन माजा हाय."

त्या फोनचा आवाज एवढा मोठा होता की पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू येत होतं. आवाज चांगला होता, मऊ. मला तेही आठवतं. वाईट माणसाचा आवाज वाईट असेल अशी माझी समजूत होती.

"आई, पोचलीस का नाशिकला?"

"पोचले बाबा. तू जेवलास का?"

"जेवलो. आई, कार्ड जवळ आहे ना? कोण आहे वाचायला?"

"हाय की. हितं माजा माधव बसलाय."

मग तो मऊ आवाज म्हणाला, "अरे वा! माधव आलाय? दे ना त्याला. वाचू दे त्याला आकडे."

"देत हुते. पर त्यो घेईना फोन." चंद्राबाईंचा आवाज जराही हलला नाही. दुसऱ्या हातानं मात्र त्यांनी माझं मनगट गच्च धरलं होतं. "त्यो म्हनतोय, आई, ह्यो आपला बंडू न्हवं. आपल्या बंडूला मी ठावंच न्हाई. ठेव म्हनतोय फोन."

चंद्राबाईंनी आणखी क्षणभर फोन कानाशी धरला.

"तुजी आई आसंल कुटंतरी," त्या म्हणाल्या. "तिला कर फोन."

फोन बंद करायचं बटण त्यांना सापडेना. ते मी दाबलं.

त्या संध्याकाळी मी वेबसाइट बंद केली. पोलीस चौकीत तक्रार दिली. पुढे काही झालं नाही. फोटो मी दोन डिस्कवर ठेवले. एक कुलपात आणि एक सिन्नरला मामाकडे. आजही तशाच आहेत, पुराला भ्यायचं कारण नाही आणि रस्त्यावरच्या माणसाला आत डोकवायचीही सोय नाही. अण्णा गेल्यापासून वह्यांपुढे मी बसते. बाई वह्या सांभाळते म्हणून सुरुवातीला काही यजमान नाकं मुरडत; आता सवय झालीय. गाव, कूळ, आजोबा, घरातलं नाव विचारल्याशिवाय मी पान उघडत नाही, आणि माझी भाची मला "मावशी, तू तर एअरपोर्टवाल्यांसारखी आहेस" म्हणून चिडवते. मला ते ऐकायला आवडतं. अशा वेळी अण्णा शेजारी बसल्यासारखे वाटतात.

पण त्या दिवशी हे सगळं व्हायचं होतं. फोननंतर अण्णांनी पोस्टातून कार्डांचा गठ्ठा मागवला आणि आम्ही दोघं लिहायला बसलो, आधी त्या सतरांतल्या बाकीच्या सोळा घरांना. 'फोनवर कुणी तुमच्या घरातली नावं सांगितली म्हणून त्याला घरचा समजू नये. कुठलेही आकडे सांगू नयेत. ही नावं आमच्या हातून बाहेर गेली आहेत, त्याची क्षमा असावी.' ज्यांचे फोन नंबर होते त्यांना आई स्वयंपाकघरातून फोन लावत होती. दोन घरांत तसे फोन येऊन गेले होते. चंद्राबाईंची एसटी रात्री आठची. त्या लिहिलेली कार्डं वाळवायला एकेक करून चटईवर मांडत होत्या.

मधेच अण्णा थांबले. पिसाळांचं पान अजून उघडंच होतं. त्यांनी ते जवळ ओढलं.

"ताई, एक माफी तुमचीही मागायची आहे. या एका नावानं दहा दिवस तुमच्या संसारावर डाग लावला. तुमच्यासमोर ते खोडून टाकतो."

त्यांनी टाक शाईत बुडवला. चंद्राबाईंनी वाकून त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा, त्यातून गुरुजींचा हात धरलाय, याचं त्यांना भान नव्हतं.

"खोडू नका, गुरुजी."

"अहो, पण तो खोटा आहे."

"आसू द्या," त्या म्हणाल्या. "वेळंला त्योच धावला."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टाक पुसून बाजूला ठेवला, पेन्सिली तासायचा छोटा चाकू घेतला आणि टोकानं, कागद फाटणार नाही इतक्या हलक्या हातानं, माधवच्या नावाखालचं ते टिंब खरवडून काढलं.